घटपटाची खटपट

गेल्या आठवड्यात आमचा माठ फुटला. धुताना हातातून निसटला, मोरीच्या कठड्यावर आपटला आणि क्षणात खापऱ्या. तिवई मात्र कोपऱ्यात तशीच उभी आहे. मी अजून दिवसातून दोनदा तरी पेला घेऊन तिच्यापाशी जातो आणि थबकतो.

जुने नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, या थबकण्यावर खूश झाले असते. 'भूतले घटो नास्ति', जमिनीवर घडा नाही, एवढ्याशा वाक्यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले. नसणं हाही एक पदार्थ, म्हणजे खरीखुरी गोष्ट, आहे आणि तो डोळ्यांना दिसतो, असं त्यांचं म्हणणं. घडा घडण्याआधीचं नसणं म्हणजे प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, शेवट आहे. फुटल्यानंतरचं नसणं तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. आपण मराठीत या सगळ्याला 'घटपटाची खटपट' म्हणून कधीच निकालात काढलं. मीही काढलं होतं. पण रिकाम्या तिवईसमोर ते दुसरं वाक्य पटतं. नवा माठ येईल, फुटलेला फुटलेलाच राहील.

घड्याची कारणं मोजतानाही त्यांनी कुंभार, चाक, चाक फिरवायची काठी यांना मान दिला. माती वाहून आणणारं गाढव मात्र 'अन्यथासिद्ध'. म्हणजे हजर होतं, पण त्याच्यावाचून अडलं नसतं. त्याच पंगतीत कुंभाराच्या बापालाही बसवलंय! तो कुंभाराचं कारण, घड्याचं नव्हे. तर्क बिनतोड आहे, फक्त गाढवाच्या पाठीला विचारू नये.

माझी तक्रार वेगळीच आहे. मला पुस्तकांत भेटलेला घडा कधी पाझरलाच नाही. आणि माठ तर पाझरतो म्हणून माठ. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते, आणि उडणारा एकेक ग्रॅम सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. थोडं पाणी जातं तेव्हा उरलेलं गार होतं. दमट मुंबईत हा कारभार रखडतो, नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात झकास चालतो. पुढे क्षार साठून छिद्रं बुजली, की बाहेरून माठ कोरडा ठणठणीत आणि आतलं पाणी कोमट. गळायचं थांबलं की तो कामातून गेला.

आई यातलं काही न वाचता माठ निवडते. टिचकी मारते, कान देते. बद्द वाजला की चीर असणार, पुढचा दाखवा. काल पाचवा माठ खणखणीत वाजला. सध्या तो बादलीत बुडवून ठेवलाय, अजून बुडबुडे सोडतोय.

निवडला आईनं, घासाघीसही तिनंच केली. मी तो खांद्यावर घेऊन घरापर्यंत आलो. माझी जागा नैयायिकांनी आधीच ठरवून ठेवली आहे.