आमची वाटचाल: आधी हिरडा, मग रंग

बाबा नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या रंगखात्यात होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल बंद पडली, तेव्हा रंगाचं काम आमच्या घरातून कायमचं गेलं असंच वाटलं होतं. नऊ वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली आणि पाचपावलीतल्या घरामागे फुला-सालींपासून कापड रंगवायला दोन स्टीलची पातेली मांडली. बाबांनी एकच विचारलं, "रंग फुलाचा म्हणतोस, पण सूत त्याले धरन कसं?"

मला ठाऊक नव्हतं. पहिला हंगाम पळसात गेला. होळीआधी रामटेककडे फुलांचा सडा पडलेला असतो. फुलं फुकट, रंग देखणा, आणि सुती कापड दोन धुण्यांत पुन्हा कोरं! टसर रेशमावर मात्र तोच रंग टिकायचा. रंग पक्का बसायला तुरटी लागते, आणि रेशमातली प्रथिनं तुरटीला धरून ठेवतात. कापसात तसं काही नसतं. म्हणून सुताला आधी हिरडा द्यावा लागतो. हिरडा चघळला की जीभ आखडते ना, ते टॅनिन. ते सुताला चिकटतं, तुरटी त्याला आणि रंग तुरटीला. आमचं प्रमाण असं: किलोभर सुताला दोनशे ग्रॅम हिरडापूड, आणि ते वाळल्यावर दीडशे ग्रॅम तुरटी. त्याआधी धुण्याच्या सोड्यात उकळून कापडावरचं मेण काढायचं. हे उकळणं कंटाळवाणं आहे, पण तिथे आळस केला की डाग पडलेच म्हणून समजा.

एवढं शिकल्यावर पहिली मोठी ऑर्डर घेतली. साठ ओढण्या, डाळिंबाच्या सालीचा पिवळा. हिरड्यातून बाहेर आल्या त्या राखाडी, तीही कुठे गडद, कुठे फिकी. "काऊन बे, हे काय करून ठेवलं?" म्हणत बाबांनी दोन ग्लास घेतले, एकात बोअरचं पाणी, एकात नळाचं, आणि दोन्हीत चिमूटभर हिरडा टाकला. बोअरचा ग्लास काळपट निळा झाला. पाण्यात लोह होतं. जुनी शाई हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, यांपासूनच तर व्हायची. मी साठ ओढण्या शाईत बुडवल्या होत्या. आगाऊ घेतलेले पैसे परत केले. त्या ओढण्यांच्या उशांच्या खोळी अजून घरात आहेत.

तेव्हापासून रंगाला नळाचं पाणी, आणि प्रत्येक ड्रमला ग्लासाची परीक्षा. काळा मुद्दाम हवा असेल तर गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवतो.

नागपूरचे म्हणून संत्र्याच्या सालीचा रंग सगळे मागतात. कारखान्याला वास छान येतो, कापडावर येतो फिकट पिवळा. तेवढ्यासाठी जादा पैसे घेणं मला पटत नाही. पळसाचा पिवळा उन्हात उतरतो, हेही विकतानाच सांगतो. पडद्यासाठी तो घेऊच नका.

आज आम्ही सहा जण आहोत. निळा मात्र अजून आमच्याकडे नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती माठात आंबवून पाण्यातला ऑक्सिजन घालवावा लागतो, तेव्हा कुठे ती विरघळून सुतात शिरते. हिरडा-तुरटीचा तिथे उपयोग नाही. मागच्या डिसेंबरात माठ लावला होता, तो थंडीने बसला. आता मे महिन्यात लावतोय. नागपूरचं ऊन निदान माठाला तरी मानवेल.