सेन्सर दंडावर लावलात, आता बाण बघा

सीजीएम, म्हणजे मधुमेहींची साखर सतत मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर, लावल्यावर बहुतेक जण पहिले दोन दिवस फोनला चिकटून बसतात आणि आकड्यांनी हैराण होतात. पहिल्या चोवीस तासांतले आकडे तसेही जरा इकडेतिकडे असतात. त्याहून महत्त्वाचा आकड्याशेजारचा बाण, साखर कुठे चालली आहे ते सांगणारा. १४० वर आडवा बाण आणि १४० वरून सरळ खाली जाणारा बाण, यांत इन्सुलिन घेणाऱ्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सेन्सर रक्त मोजत नाही, पेशींच्या मधल्या जागेतल्या द्रवातली साखर मोजतो. ती रक्ताच्या ५ ते १५ मिनिटं मागे असते. म्हणून जेवणानंतर ग्लुकोमीटरशी ताळा करू नका. बाण आडवा असताना, शक्यतो उपाशीपोटी करा.

हाच उशीर साखर उतरल्यावर महागात पडतो. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटं थांबायचं. तेवढ्यात सेन्सर आणखी खालचा आकडा दाखवतो, घरचे घाबरतात, बिस्किटं नि पेढे पुढे करतात आणि दोन तासांनी साखर २५० पार. बोटाला टोचून मगच दुसरा घास.

रात्रीचा अलार्म कधीकधी खोटा असतो. सेन्सरवर दाबून झोपलं की रेषा एकदम कोसळते आणि कूस बदलली की तशीच वर येते. घाम किंवा थरथर असेल तर मात्र आधी साखर, तपासणी नंतर.

लावताना दंडाची मागची मांसल बाजू निवडा, ज्या कुशीवर झोपत नाही ती. तेल-लोशन नको, स्पिरिटने पुसा, पूर्ण सुकू द्या. ठाण्यात पावसाळ्यात घामाने कडा सुटतात, वरून पट्टी लावा, पण सेन्सरला मधलं छिद्र असेल तर ते झाकू नका. लोकलमध्ये सॅक खांद्यावरून ओढून काढताना पट्टा अडकतो आणि महागडा सेन्सर हातात येतो. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांनी काही सेन्सर साखर जास्त दाखवतात, तेव्हा पत्रक वाचा.

बहुतेक सेन्सर १०-१५ दिवस टिकतात. तेवढ्यात एका वेळी एकच बदल करा. एक दिवस नेहमीची मिसळ दोन पावांसह. दुसऱ्यांदा एकच पाव. तिसऱ्यांदा पुन्हा दोन पाव, पण खाऊन झाल्यावर लगेच तलावपाळीला १५ मिनिटं फेरी. साखर किती वर गेली आणि किती वेळात खाली आली, दोन्ही लिहा. पहाटे काही न खाता साखर चढली तर रात्रीच्या भाताला दोष देऊ नका. त्या वेळी यकृतही साखर सोडतं.

रिपोर्टमध्ये ७० ते १८० मधला वेळ बघा. बहुतेक प्रौढांसाठी तो ७० टक्क्यांहून जास्त आणि ७० खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी हवा. वयस्कर मंडळींची आणि गरोदर बायकांची गणितं वेगळी. डोस मनाने बदलू नका. डॉक्टरांकडे जाताना आलेखासोबत जेवणाच्या आणि औषधांच्या वेळाही न्या, नाहीतर त्यांना नुसता डोंगर दिसतो, तो पावाचा की विसरलेल्या गोळीचा हे कळत नाही.