एक सोडून एक पायरी

गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत दुपारी काम होतं. जिन्याशी पोचलो तर वरून मेस्त्री ओरडले, "काका, एक सोडून एक! ओलीवर पाय नको." अर्ध्या पायऱ्यांना नुकतंच बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लावलेलं, उरलेल्या अर्ध्या उद्या. बिऱ्हाडकरूंना वर-खाली तर करायलाच हवं. मी कठडा धरून, या वयात न शोभणाऱ्या ढांगा टाकत वर. समोरून एक आजी भाजीची पिशवी घेऊन उतरत होत्या. त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा बरा होता.

काम राहिलं बाजूला, मी तिथेच बघत उभा. सागाच्या पायऱ्या, मधोमध पावलांनी खोलगट झालेल्या. मेस्त्री फडक्यानं रेषांच्या दिशेनं तेल चोळायचे, थोडं मुरू द्यायचे आणि मग कोरडं फडकं घेऊन पुसून टाकायचे.

"आत्ता तर लावलंत!"

"वर राहिलं तर चिकचिकतं. मग धूळ बसते ती निघत नाही."

साग मुळात तेलकट, त्यामुळे तो फारसं पीत नाही. पायरीच्या बाजूला, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, तिथे मात्र तेल लावेपर्यंत गडप. ती कड बघता बघता काळपट झाली.

व्हार्निशवर माझा जुना राग आहे. नवं असताना सगळे वाहवा करतात, पण वावर असेल तिथे त्याचे पोपडे निघतात, आणि मग अख्खी पायरी घासत बसा. चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशवर ओला पेला ठेवलात की पांढरं वर्तुळ. तेलाचं बरं असतं, झिजलं तिथे पुन्हा चोळा. आमच्या घरात या विषयावर माझं कुणी ऐकत नाही. सगळीकडे लॅमिनेट आहे.

खरं तर मी थांबलो होतो वासासाठी. जवसाच्या तेलाचा वास आला की मला बॅट दिसते. मे महिन्याची सुट्टी, कोरी विलोची बॅट आणि दादाच्या ताब्यात तेलाची बाटली. तो बाटलीच्या बुचानं मोजून तेल द्यायचा. दांडा पात्यात बसतो त्या सांध्याला थेंब लागता कामा नये, बॅट भिंतीला उभी करायची नाही, आडवी ठेवायची, असे त्याचे कायदे. वाळली की जुना बॉल मोज्यात घालून टांगायचा आणि टकटक ठोकत बसायचं. समोरच्या बिऱ्हाडातले अप्पा झोपमोड झाली की गॅलरीत येऊन नुसते उभे राहत. बोलत नसत, तेच जास्त लागायचं. पहिल्या मॅचला मी किती काढल्या, ते जाऊ दे.

मेस्त्री वापरलेली फडकी पाण्याच्या बादलीत टाकत होते, ते बघून बरं वाटलं. हे तेल उडून जाऊन वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि होताना तापतं. पायरीवर ते जाणवतही नाही. पण फडकी चुरगळून कोपऱ्यात पडली की उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता ती फडकी पेट घेतात. २३ फेब्रुवारी १९९१ ला फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत हेच झालं. लाकूडकाम करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाची फडकी २२व्या मजल्यावर ठेवली होती. आग वर वर चढत ३०व्या मजल्यावर थांबली, कारण तिथे छतात पाण्याचे फवारे बसवलेले होते. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. पुढे इमारतही पाडली.

गिरगावातल्या या इमारतीला वर-खाली करायला एवढा एकच जिना आहे, आणि तो लाकडी आहे. घरी कुणी तेल लावणार असाल तर फडकी पाण्यात बुडवा, नाहीतर उघड्यावर एकेक सुटी पसरून वाळवा. गोळा करून ठेवू नका.