तुम्ही विचारलंत म्हणून: हबल असताना माझा फोटो कशाला?

"हबल अवकाश दुर्बिणीचे इतके सुंदर फोटो फुकट बघायला मिळतात, मग तेच तारकागुच्छ तुम्ही रात्र-रात्र जागून कशाला टिपता?" प्रत्येक जण हेच विचारतो.

तर ऐका. ओमेगा सेंटॉरी हा दक्षिण आकाशातला मोठा तारकागुच्छ हबलच्या एका चौकटीत मावत नाही, त्यात येतो तो गाभ्याचा तुकडा. माझ्या लहान दुर्बिणीत अख्खा गुच्छ येतो, कडेला विरळ होत गेलेल्या ताऱ्यांसकट. १७,००० वर्षं प्रवास करून आलेला तो उजेड माझ्या कॅमेऱ्यावर पडतो. मला तो हवा असतो.

पूर्वी मी इथेच थांबायचो.

जुन्नरहून हा गुच्छ जेमतेम २३ अंश वर येतो, एप्रिलमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास. गाभा जळून पांढराफटक होऊ नये म्हणून ३०-३० सेकंदांच्या २०० फ्रेम घेतो. दक्षिणेला दिवा असला की सगळं वाया. आणि दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आबांनी गोठ्यावर फ्लडलाइट बसवला, बिबट्यासाठी. नेमका दक्षिणेला.

मी विनंती केली. "दोन तासांनी काय व्हतंय," म्हणत आबांनी बटण बंद केलं.

दीडच्या सुमारास त्यांचं कुत्रं भुंकलं. जोरात, दोनदा. मग एकदम गप्प झालं. स्क्रीनवर फ्रेम १४१ चालू होती. मी उठलो नाही. बॅटरी लावली असती तर फ्रेम गेली असती, हे मी तेव्हा मनात स्पष्ट म्हटलं होतं.

सकाळी खुंट्याला तुटलेलं दावं होतं. गाभण शेळी गेली होती. आबा एवढंच म्हणाले, "तुमचं काम झालं ना?"

दिवा असला तरी बिबट्या येतो, उसातून येतोच. हे खरं आहे, आणि मी ते स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण मी उठलो असतो तर? शेळीचे पैसे दिले, आबांनी घेतले. दोघंही त्यावर पुन्हा बोललो नाही.

तो फोटो माझा आजवरचा सगळ्यात चांगला आहे. गाभ्यापर्यंत तारे सुटे दिसतात. कुणाला दाखवलेला नाही, पुसूनही टाकवत नाही.

यंदा एप्रिलमध्ये गेलो तेव्हा दिवा चालू होता. मी काही बोललो नाही. दुर्बीण शौरी तारकासमूहातल्या एम १३ या दुसऱ्या गुच्छाकडे वळवली, उत्तरेला. कुत्र्याचा आवाज आला की मात्र उठून बघून येत होतो.