58 चा हिशेब

58 किलो. विसाव्या वर्षी माझं वजन तेवढं होतं, म्हणून पुढची पंधरा वर्षं ध्येयही तेच. दर वेळी जोरात सुरुवात करायची आणि दोन-तीन महिन्यांत हात टेकायचे. गेल्या वर्षी काटा 84 वर गेला तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी वजनाआधी चरबी मोजू या म्हटलं.

मशीनवर अनवाणी उभं राहायचं, हातात दांडे धरायचे. शरीरातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह जातो. स्नायूंमध्ये पाणी भरपूर, त्यामुळे तिथून तो सहज जातो. चरबी त्याला अडवते. त्या विरोधावरून आणि उंची, वय, लिंग यांवरून मशीन चरबीचा अंदाज बांधतं. तो अंदाजच असतो, हे मला नंतर कळलं. (पेसमेकर असेल तर या मशीनवर उभं राहायचं नाही, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं.)

आकडा आला 36 टक्के. बाईंनी कागद ओढला. 84 किलोंपैकी साधारण 30 किलो चरबी, उरलेले 54 किलो म्हणजे स्नायू, हाडं, अवयव, पाणी. मग विचारलं, "वजन किती करायचंय?" मी 58 सांगितलं. त्या म्हणाल्या, "54 तर हेच झाले. मग चरबीला उरले चार किलो, म्हणजे सात टक्के. बाईच्या शरीराला नुसतं नीट चालायलाच दहा ते तेरा टक्के लागते. 58 गाठायचं तर स्नायू गमवावे लागतील."

मला रडू आलं. पंधरा वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते, आणि तो आकडा मुळातच माझ्या आजच्या शरीराचा नव्हता.

नवा हिशेब त्यांनी असा मांडला: 54 किलो तसेच राखायचे आणि चरबी 30 टक्क्यांवर आणायची. 54 भागिले 0.70, म्हणजे 77 किलो. सात किलो मला फारच थोडे वाटले. पण मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी रक्तदाब आणि साखरेत फरक पडतो, हे त्यांनी समजावलं. आठवड्याला अर्धा किलो पुरे, जेवणात प्रथिनं पुरेशी आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची. उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही जातात.

पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले. मी हरखले, पण हिशेब शिकले होते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. दोन किलोंसाठी रोज 2,200 ची तूट हवी, तेवढं तर मी दिवसभरात खातही नव्हते. गेलं होतं ते बहुतेक पाणी. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर) तीनेक ग्रॅम पाणी असतं, आणि खाणं कमी झालं की ते आधी निघतं.

घाबरले ती दीड महिन्यानंतर. वजन हललं नव्हतं आणि चरबी 36 वरून 38! आदल्या दिवशी उन्हात फिरून पाणी कमी पडलं होतं. शरीर कोरडं असलं की प्रवाहाला विरोध वाढतो आणि मशीन चरबी जास्त दाखवतं. तेव्हापासून मी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधीच मोजते, तेही महिन्यातून एकदाच. खरा आधार दिला तो साध्या टेपने. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, दर रविवारी. वजन अडलेलं असतानाही घेर दीड सेंटीमीटरने उतरला होता. माझ्या मते घरी एकच गोष्ट ठेवायची तर टेप ठेवावा.

सहा महिने झाले. वजन 78.5, चरबी 31.5 टक्के, म्हणजे साडेपाच किलो गेले ते जवळपास सगळे चरबीचे. ते 54 किलो जागेवर आहेत. कमरेचा घेर 98 वरून 90 वर आलाय. माझी उंची 168, त्यामुळे घेर तिच्या निम्म्याच्या आत, 84 खाली आणायचाय. सध्या वहीच्या पहिल्या पानावर तोच आकडा लिहिलाय.