वज्रेश्वरीची वाट, अकलोलीचं पाणी

"चप्पल घाल गं. उद्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय कसे बुडवशील?" शेजारच्या काकींनी विरारलाच बजावलं होतं. मी ऐकलं नाही. नवरात्रात वज्रेश्वरी देवीला अनवाणी जायचं, असं मनाशी धरलं होतं.

रात्री नऊला निघालो. पंचवीस-तीस किलोमीटरची चाल. शिरसाड फाट्यापर्यंत हायवेच्या ट्रकांनी जीव नकोसा केला. अंबाडीच्या रस्त्याला वळलो तशी नुसती रातकिड्यांची किरकिर आणि पुढच्यांच्या बॅटऱ्या. पारोळला चहा झाला. तिथून उसगावपर्यंत खडी उखडलेली. डाव्या तळव्याला फोड आला तेव्हा काकी काहीच बोलल्या नाहीत, फक्त बघितलं. त्यांचं बोलणं परवडलं असतं.

उजाडताना देऊळ दिसलं. बुरुजांसारखा दरवाजा, वर नगारखाना, उंच पायऱ्या. लांबून किल्लाच वाटतो. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि 1739 साली वसई घेतल्यावर देऊळ बांधून तो फेडला, असं सांगतात. रांगेत दोन तास गेले. दर्शन मिळालं ते अर्धं मिनिट! पण ओटी भरली, बरं वाटलं.

खरं सांगू? मन अर्धं कुंडाकडेच होतं.

अकलोली तिथून जवळच, तानसा नदीच्या काठाला. काही कुंडं बांधीव, काही थेट पात्रात. पात्रातली पावसाळ्यात बुडतात, आताही एक अर्धं पाण्याखालीच होतं. बांधीव कुंडाची पायरी हिरवट, गुळगुळीत. वर वाफ आणि किंचित गंधकाचा वास. मी सरळ पाय घातला आणि किंचाळले.

"असं नाही गं!" काठावरच्या एका आजींनी तांब्या पुढे केला. "आधी अंगठ्यावर घे, मग घोट्यावर. पाय ओळखीचा झाला की मग सोड." तसं केलं. फोड चरचरला, मग पोटऱ्या हळूहळू सुटत गेल्या. गेली रात्रभर त्या माझ्या नव्हत्याच.

देवीने मारलेल्या असुरांचं हे रक्त, म्हणून ते अजून गरम, असं आजी म्हणाल्या. आमच्यातले एक मास्तर लगेच सरसावले. पावसाचं पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं, इथे जिवंत ज्वालामुखी वगैरे काही नाही. पार राजापूरपर्यंत कोकणात अशी उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आहेत, हेही त्यांनी सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि त्यांनाही तांब्या दिला.

परतीला एसटी धरली. काकींनी खाली पाहिलं. "जोडवी बघ."

चांदी काळपट पडली होती. काढायला गेले, तर बोटं सुजलेली. निघेचनात.