इतिहासाला कसली शिकवणी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नव्या पालकांचा पहिला फोन असो, नातेवाईक असोत की इतर विषय शिकवणारे शिक्षक, प्रश्न ठरलेला असतो: ‘गणित-विज्ञानाचं समजू शकतो, पण इतिहासाला कसली शिकवणी? आणि तीही एकट्या मुलाला?’ पाठोपाठ ‘पाठच तर करायचं असतं’ हेही येतंच. आजवर मी ‘असतो एखाद्याचा विषय कच्चा’ म्हणून वेळ मारून नेली. त्याचा आता कंटाळा आलाय.

पाठ करून घ्यायला माझी गरज नाही, हे आधीच मान्य करते. सनावळी घोकायला गाईड पुरतं, अपेक्षित प्रश्नसंच पुरतो, फोनवरचे व्हिडिओ तर ढिगानं आहेत. मुलाची अडचण तिथेच असेल तर शिकवणी लावू नका.

पण अडचण तिथे नसते, आणि ती कुठे आहे हे उत्तरपत्रिकेत दिसत नाही. एक सातवीतली मुलगी होती, इतिहासात नेहमी चांगले गुण. तिला मी सहज काही घटना कालक्रमानं लावायला दिल्या. तिनं अशोकाचं कलिंगचं युद्ध, इ.स.पू. सुमारे २६१, आधी ठेवलं आणि चंद्रगुप्ताचं राज्यारोहण, इ.स.पू. सुमारे ३२१, नंतर. आकडा लहान म्हणून आधी; इ.स.पू.मध्ये मोठा आकडा आधीचा असतो, हे लक्षातच नाही. म्हणजे तिच्या हिशेबानं अशोक आजोबांच्याही आधी गादीवर बसला होता. दोन्ही सन तिला तोंडपाठ होते, ‘अशोक चंद्रगुप्ताचा नातू’ हेही पाठ होतं, आणि या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिच्या गावीही नव्हतं. वर्गात कुणाच्या लक्षात येणार? रिकाम्या जागा ती बरोबरच भरत होती.

एकट्यालाच का, त्याचंही उत्तर हेच. चाळीस मुलांत ‘कारणे द्या’ विचारलं की सहा हात वर होतात आणि पुस्तकातलं वाक्य ऐकू येतं. शेजारी एकच मूल बसलेलं असेल तर पुस्तकातलं वाक्य संपल्यावर थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही. तो वेळ मी भरून काढत नाही. मग ते मूल हळूच विचारतं, ‘पण प्रजासत्ताक दिन २६ जानेवारीलाच का? संविधान तर २६ नोव्हेंबरला स्वीकारलं ना?’ मग १९३० च्या २६ जानेवारीला पाळलेल्या पूर्ण स्वराज्य दिनापर्यंत मागे जाता येतं, आणि दोन तारखांमधले ते दोन महिने का ठेवले ते कळतं. हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारायला मुलं लाजतात. ‘एवढंही माहीत नाही?’ असं कुणी म्हणेल याची भीती असते.

आता ज्या प्रसंगाबद्दल मी सहसा बोलत नाही, तो सांगते.

दहावीतला एक मुलगा माझ्याकडे यायचा. कमी बोलणारा, अक्षर सुंदर, उत्तरं मुद्देसूद. आम्ही फाळणीचा भाग वाचत होतो. सीमा आखायला आलेले सिरिल रॅडक्लिफ हे ब्रिटिश वकील ८ जुलै १९४७ ला भारतात पोचले. त्याआधी ते इथे कधी आलेच नव्हते. पंजाब आणि बंगाल या दोन्हींच्या सीमा जेमतेम पाच आठवड्यांत ठरवायच्या होत्या. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला. एवढं मी सांगितलं आणि त्याचं पेन थांबलं. वहीत त्यानं १५ लिहिलं, खाली १७ लिहिलं, आणि बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे पंधरा तारखेला तिथल्या लोकांना आपण कुठल्या देशात आहोत हेच माहीत नव्हतं?’

मी त्याला बंगालमधल्या मुर्शिदाबाद आणि खुलना या जिल्ह्यांचं सांगितलं. मुर्शिदाबादमध्ये पाकिस्तानचा झेंडा चढला होता, खुलन्यात भारताचा. निवाडा आला तेव्हा मुर्शिदाबाद भारतात राहिलं आणि खुलना पाकिस्तानात गेलं. नकाशावर त्यानं दोन्ही जिल्हे स्वतः शोधले. मग प्रश्नांचा पाऊस. झेंडे कुणी उतरवले? निवाडा तयार होता तर आधी का नाही सांगितला? व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना तो स्वातंत्र्याच्या समारंभानंतरच जाहीर व्हायला हवा होता, असं मी म्हटलं, तर तो रागावला. खराखुरा रागावला. इतिहासाच्या पुस्तकावर मूल असं रागावतं तेव्हा मला फार आनंद होतो, हे लपवत नाही.

पूर्वपरीक्षेत ‘टीप लिहा: भारताची फाळणी’ आलं. त्यानं दोन पानं लिहिली. झेंडे, खुलना, मुर्शिदाबाद, १५ आणि १७. समासात लाल शाईनं शेरा होता, ‘विषयांतर’. वेळ गेल्यामुळे शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले होते. त्याची आई उत्तरपत्रिका घेऊन आली. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. म्हणाल्या, ‘मॅडम, राग मानू नका. हे खुलना पुस्तकात आहे का?’ मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, ‘मग?’

तो मागे उभा होता. ‘मॅडमनी नव्हतं सांगितलं लिहायला, मी लिहिलं,’ एवढंच बोलला. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. पुढच्या आठवड्यापासून तो आला नाही.

त्या ‘मग?’ला मी मनातल्या मनात किती उत्तरं दिली असतील. सुरुवातीची माझी मतं कडक होती: गुणांसाठी इतिहास शिकणं म्हणजे इतिहास न शिकणं, आणि त्या बाईंना मुलाच्या डोक्यात पेटलेलं काही दिसलंच नाही. आज मी तेव्हाच्या मला विचारते, कोऱ्या राहिलेल्या दोन प्रश्नांची किंमत कोण मोजणार होतं? तू नाही. प्रवेशाची यादी लागते तेव्हा खुलना कुणी विचारत नाही. त्या आईला हे पक्कं माहीत होतं आणि तिचं काही चुकत नव्हतं.

म्हणून आता मी घड्याळ लावून लिहायला लावते. किती गुणांना किती ओळी, टिपेत किती मुद्दे, सगळं करून घेते. मुलं पेपर पूर्ण सोडवून येतात. पण घड्याळ लावलं की १५ आणि १७ मधलं अंतर कुणी विचारत नाही, हेही मी पाहिलंय, आणि तेव्हाची मी लगेच उठून म्हणते, ‘बघ, सांगत होते ना!’ ‘दोन्ही जमतं हो, नियोजन हवं,’ असं सांगणारे शिक्षक मला भेटतात. काही मुलांबरोबर मला जमतं. काहींबरोबर नाही जमत, आणि त्यात माझं कमी पडतं की परीक्षेचंच काही चुकतं, यावर माझा माझ्याशीच वाद चालू आहे.

तेव्हा मूल माझ्याकडे पाठवायचं असेल तर एवढं धरून चाला. सुरुवातीला मी नोट्स देणार नाही, पुस्तक उघडं ठेवून प्रश्न विचारेन. मूल पुस्तकाबाहेरचं विचारू लागलं तर त्याला अडवणार नाही. परीक्षा जवळ आली की लिहायचा सराव घेईन, तोही मनापासून. गुण वाढतील का, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. काहींचे वाढतात. तुमच्या मुलाचे वाढतीलच अशी हमी माझ्याकडून घेऊ नका.